वॉकला गेला आणि बुरकुंड गिळून आला!

कुत्र्याला फिरवताना आपला एक हात पट्ट्यावर आणि दुसरा मोबाइलवर. बॉसचा मेसेज वाचायला मान खाली घातली, की तेवढ्या तीन सेकंदांत साहेब काय गट्टम करतील याचा नेम नाही! चप्पल, कंडोमचं पाकीट, पूजेचं निर्माल्य... सगळं ऐकून झालंय माझं.

माझी एक मैत्रीण चिखलोलीत राहते. तिचा ब्रुनो म्हणजे लॅब्राडॉर, भूक कायम ऑन. गेल्या पावसाळ्यात मी तिच्याकडे होते. धरणाच्या रस्त्यावर कुणीतरी खाऊन टाकलेलं कणीस पडलं होतं, ब्रुनोनं अर्ध्याहून जास्त तोडून गिळलं. शेजारचे काका म्हणाले, "अगं, मका तर व्हेज आहे, पचेल की!" मैत्रिणीनं मात्र लगेच डॉक्टरांना फोन लावला.

बरं केलं. दाणे पचतात, बुरकुंड पचत नाही. ते आतड्यात अडकलं तर थेट ऑपरेशनच. आणि गंमत अशी, की अडकलेलं बुरकुंड एक्स-रेत नेहमी स्पष्ट दिसतच नाही, उलट्याही कधीकधी काही दिवसांनी सुरू होतात. ब्रुनोला अर्ध्या तासात दवाखान्यात नेलं, इंजेक्शन देऊन उलटी काढली, बुरकुंड बाहेर!

मग घरीच उलटी काढली तर? मिठाचं पाणी पाजा, बोटं घाला, दूध द्या... व्हॉट्सअ‍ॅपवर असे वैद्य ढीगभर. प्लीज, नको. जास्त मिठानं रक्तातलं सोडियम वाढून झटके येऊ शकतात. अ‍ॅसिड, रॉकेल किंवा टोकदार वस्तू असेल तर ती परत वर येताना घसा आणि फुप्फुसांची वाट लावते. उलटी काढायची की नाही हे डॉक्टरच ठरवणार, आणि साधारण पहिल्या एक-दोन तासांतच त्याचा उपयोग. म्हणून "बघू सकाळी" हे चालत नाही.

सगळ्यात फसवं म्हणजे उंदराचं औषध. ब्रोमाडायोलोनची वडी खाल्लेला कुत्रा दोन-तीन दिवस मजेत उड्या मारतो, मग रक्तस्राव सुरू होतो. वेळेत कळलं तर के-वन जीवनसत्त्व देऊन वाचतो, पण ते काही आठवडे द्यावं लागतं. काळपट पूड असेल, म्हणजे झिंक फॉस्फाइड, तर खेळ वेगळा. पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू तयार होतो, म्हणून पोळी-दूध काही देऊ नका. गाडीत उलटी झाली तर खिडक्या उघडा, तो वायू तुम्हालाही बाधतो. वेष्टन सापडलं तर उचला, नाहीतर उरलेल्या तुकड्याचा फोटो काढा. डॉक्टरांना नाव कळलं की अर्धं काम झालं. पावसाळ्यात भेक तोंडात धरला आणि लाळ गळायला लागली, तर तोंड खाली करून पाण्यानं धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका, आणि डॉक्टरांना कळवा.

अंबरनाथच्या एमआयडीसीचा शेजार असला की आणखी एक काळजी. 2017 मध्ये तळोज्यात कुत्री चक्क निळी झाली होती, कारखान्याच्या रंगामुळे! फोटो बघून लोक हसले. पण कुत्रा अंग चाटतो, म्हणजे अंगावर लागलेलं पोटात जातं. नाल्याच्या पाण्यात लोळून आला तर चाटायच्या आत धुवा.

आता सोयीचं बोलू. परळचं बैलघोडा हॉस्पिटल, महालक्ष्मीला 2024 मध्ये सुरू झालेलं टाटांचं प्राण्यांचं हॉस्पिटल, दोन्ही छानच. पण चिखलोलीहून तिथे पोचेपर्यंत ते एक-दोन तास संपतात. त्यामुळे अंबरनाथ-बदलापुरातल्या दोन डॉक्टरांचे नंबर आजच फोनमध्ये टाका. पुढच्या लसीला गेलात की विचारूनही ठेवा: रविवारी रात्री दहाला तुम्ही फोन उचलता का?