इंदूरची गाडी आपल्या बंदरावर का सडते?

परवाच्या मीटिंगमध्ये इंदूरहून आणखी एक जुनी गाडी आणायचा विषय निघाला आणि बऱ्याच जणांनी हात वर केले. आम्ही, म्हणजे सोसायटीच्या गाड्यांचं काम बघणाऱ्यांनी, केला नाही. का केला नाही ते त्या गोंधळात सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

तीन वर्षांपूर्वी आत्ताची गाडी आपण इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरातून घेतली तेव्हा ती आठ वर्षांची होती. मडगार्डवर बोट वाजवलं की ठणठणीत आवाज. दाराच्या तळाशी, पायदानाखाली, हौद्याखालच्या आडव्या चॅनलला कुठे फुगवटा नाही. दलाल म्हणाला होता, "इस गाड़ी ने समुंदर नहीं देखा." खरं बोलला बिचारा. आज त्याच गाडीचं पायदान तारेने बांधलंय, दाराचा तळ हाताने चुरा होतो आणि गेल्या पावसात क्लीनरचा पाय हौद्याच्या पत्र्यातून आरपार गेला. सात टाके पडले. खाली चाक फिरत असतं तर काय झालं असतं, ते लिहायला नको.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "लोखंडच ते, गंजणारच." आम्हीही तेच म्हणायचो. पण गाडी घ्यायला गेलो होतो तेव्हा कागदपत्रांना दोन दिवस लागले, त्यातला एक दिवस धारला काढला. इंदूरपासून साठेक किलोमीटर. तिथे लाट मशिदीजवळ जुना लोखंडी खांब तीन तुकड्यांत पडलाय. एके काळी अखंड होता तेव्हा सुमारे १३ मीटर लांब आणि सात टनांच्या आसपास वजनाचा. परमार राजांच्या वेळचा मानतात, मशीदच १४०५ ची, म्हणजे खांब त्याहून जुना. शेकडो पावसाळे उघड्यावर, आणि अजून लोखंड आहे! जुन्या घडीव लोखंडात फॉस्फरस जास्त असतो, त्याने अंगावर एक पातळ थर धरतो आणि आतलं लोखंड वाचतं. आपल्या गाडीचा पत्रा तसा नाही, हे कबूल. पण माळव्याच्या कोरड्या हवेचाही त्यात वाटा आहेच. तोच खांब आपल्या जेटीवर ठेवला असता तर त्याचं काय झालं असतं, असं तिथे उभं राहून आमच्यातला एक जण बोलून गेला. ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

भांडण लोखंडाशी नाही, मिठाशी आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ. पाणी सुकतं, मीठ पत्र्यावर राहतं. घरात बरणीतलं मीठ पावसाळ्यात पाझरतं ते आपल्या बायका रोज बघतात. हवेतला दमटपणा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते त्याच्याही आधी ओलावतं. म्हणजे गाडी ऊन खात उभी दिसते, पण चॅनलच्या आतला पत्रा रात्रंदिवस खाऱ्या पाण्यात भिजत असतो. इंदूरला उन्हाळ्यात हे होत नाही. पिथमपूर इंदूरच्या शेजारीच, तिथे १९८६ पासून आयशरच्या गाड्या बनतात, पण तिथून निघालेली कोणतीही गाडी बिजासन घाट उतरून धुळे-नाशिक करत आपल्याकडे आली की तिचा मुलूख बदलला. मग तिची निगाही बदलायला हवी होती. ती आपण बदलली नाही.

उलट आपण काय करतो? म्हावरं उतरलं की जेटीवरचा पंप लावून खाडीच्याच पाण्याने हौदा धुतो. वास जातो, गाडी चकचकीत दिसते, आणि मीठ दुप्पट बसतं. बर्फाच्या पेटीतलं पाणी बाहेर काढणारी नळी चॅसीच्या अगदी वर सोडलेली, त्यामुळे रक्त, खवले, मीठ सगळं आडव्या चॅनलवरून स्प्रिंगच्या ब्रॅकेटवर. दाराच्या आणि पायदानाच्या तळाला पाणी निघून जायला कंपनीनेच बारीक भोकं ठेवलेली असतात, ती खवल्यांनी आणि चिखलाने बुजलेली. दार हलवलं की आत पाणी डुचमळताना ऐकू येतं. कान लावून बघा एकदा.

मग पत्रा फुगला की डेंटरकडे. तो वरचा पापुद्रा घासतो, लांबी भरतो, रंग मारतो. दोन हजार-पाच हजार घेतो आणि सहा महिन्यांत त्याच जागी पुन्हा फोड. दोष त्याचा नाही, आपणच त्याला "आज संध्याकाळी गाडी पाहिजे" म्हणून सांगतो. गंजावर भरलेली लांबी म्हणजे मीठ आत कोंडून वरून झाकण लावणं.

एका नाखवांनी तर बोटीला लावतात तसे जस्ताचे ठोकळे चॅसीला बसवून घेतले. हसू नका, विचार बरोबर होता, जागा चुकली. जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं ते दोन्ही एकाच पाण्यात बुडालेले असतील तर. गाडी रस्त्यावर चालते, तिथे ठोकळा नुसता वजनाला. जळकं ऑइल फासणाऱ्यांनाही सांगतो, त्याने रबरी बुश फुगतात, ब्रेकवर उडालं तर जिवाशी खेळ, आणि पहिल्या पावसात ते वाहून आपल्याच खाडीत जातं.

जे चालतं ते साधं आहे. खेप संपली त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुणं, आणि खालून आधी: मडगार्डच्या आत, चॅनलच्या पोकळीत, फाळक्याच्या बिजागऱ्यांत. प्रेशर पंपाला पाच-सहा बादल्या पुरतात. फवारा बेअरिंगवर आणि वायरिंगच्या जोडांवर मारू नये. महिन्यातून एकदा तारेने ती भोकं मोकळी करायची. पेटीच्या पाण्याची नळी लांब करून खाली कॅनमध्ये सोडायची, म्हणजे रस्त्यावर पाणी सांडल्याचा दंडही वाचेल. ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडी चॅनलवर थेट ठोकला असेल तर मधे रबराची पट्टी हवी, नाहीतर खाऱ्या ओलीत दोन धातू एकमेकांना खातात. आणि गंज दिसलाच तर चमकतं लोखंड लागेपर्यंत घासा, गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकू द्या, मग एपॉक्सी किंवा जस्ताचा प्रायमर, त्यावर रंग. नुसत्या रेड ऑक्साइडवर थांबू नका, ते पाणी पितं. दारं-पायदानाच्या पोकळीत शेवटी मेणाचा फवारा.

हे सगळं मे महिन्यात उरकायचं. आपण १ जून ते ३१ जुलै बंदी म्हणून बोटी वर काढतो, आणि गाडीचं कामही तेव्हाच काढतो. पण जून-जुलैच्या हवेत घासलेला पत्रा रंग लागायच्या आधीच पुन्हा लाल होतो. त्यातून ओल्या गाडीवर ताडपत्री घट्ट बांधून तिला दोन महिने किनाऱ्यावर उभी करतात. ताडपत्रीखाली वारा खेळू द्या, गाडी गावाच्या वरच्या बाजूला उभी करा.

आता खरा अडसर, पाणी. मीटिंगमध्ये एक ताई बोलल्या की मे महिन्यात आम्ही हंड्यासाठी रांग लावायची आणि तुम्ही गाड्या धुणार? हा प्रश्न योग्य आहे, आणि प्यायच्या पाण्याला हात लावायचा नाही हे आमचंही मत आहे. बर्फ कारखान्यातलं लादी सोडवायचं पाणी मागू, असं कुणी सुचवलं, पण ते डबे खारवणातून निघून त्यात बुडतात, ते पाणी आपल्या कामाचं नाही. जाळी विणायच्या शेडचं छप्पर मात्र आहे. १०० चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी होतं, आणि आपल्याकडे तेवढा पाऊस कधी कधी एका दिवसात पडतो. मोठ्या टाक्या बसवल्या तर बंदी उठल्यावरचे सुरुवातीचे महिने निघतील. पुढे विहिरीचं पाणी लागेल, पण आधी तपासून घ्यावं लागेल, कारण किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात.

टाक्या, पंप आणि सिमेंटचा उतार असलेली धुवायची जागा, याला दुसऱ्या गाडीच्या किमतीचा लहानसा भाग लागेल. आठ वर्षांवरच्या गाडीला फिटनेस दरवर्षी काढावं लागतं, आणि आत्ताची गाडी या अवस्थेत पुढच्या वेळी पास होईल असं आम्हाला वाटत नाही. तरीही आमचं म्हणणं आहे की धुवायची जागा झाल्याशिवाय इंदूरची दुसरी गाडी आणू नये. आणली तर तीन वर्षांनी पुन्हा याच मीटिंगमध्ये बसू, फक्त क्लीनर दुसरा असेल.

येत्या रविवारी सकाळी आठला जेटीच्या शेडजवळ आम्ही आपल्या गाडीच्या दारांची भोकं मोकळी करणार आहोत. ज्यांच्या स्वतःच्या गाड्या, टेम्पो आहेत त्यांनी घेऊन या. जाड तार आणि जुना टूथब्रश घरून आणा, पाना आमच्याकडे आहे.