फ्रीजचे पाचशे रुपये कुठून आले?

परवा एक ताई भेटायला आल्या. गाव सोडून अंबाजोगाईत खोली करून राहतात, मुलीच्या अकरावीसाठी. मुलीला लहानपणापासूनची शुगर आहे, रोज इन्सुलिन लागतं. रोजच्या वापरातली बाटली माठाजवळ ओल्या फडक्यात, आणि महिन्याचा उरलेला साठा शेजारणीच्या फ्रीजमध्ये. शेजारीण चांगली आहे, पण ती माहेरी गेली की घराला कुलूप. या उन्हाळ्यात असं दोनदा झालं. म्हणून ताईंच्या भावाने आपला नव्वद लिटरचा लहान फ्रीज देऊ केला. घरमालक म्हणाले, "आणा की, पण महिन्याला पाचशे जादा." खोलीचं भाडंच अडीच हजार. ताईंनी भावाला नको म्हणून कळवून टाकलं.

मला म्हणाल्या, "दादा, पेपरात काही लिहू नका, खोली जाईल. फक्त एवढं सांगा, खरंच एवढं बिल येतं का?"

नाव, गल्ली काहीच लिहीत नाही. पण प्रश्न आपल्या गावातल्या शेकडो खोल्यांचा आहे. मेडिकलची पोरं, क्लासची पोरं, बदलीवर आलेल्या सिस्टर. फ्रीजचे पाचशे, कूलरचे सहाशे, असे दर ठरलेलेच आहेत, आणि ते कुठून आले हे कोणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

मी घरमालक काकांकडे गेलो. माणूस वाईट नाही. त्यांनी हिशोबच मांडून दाखवला. फ्रीजच्या मागच्या पट्टीवर 70 वॅट लिहिलेलं. 70 गुणिले 24 तास गुणिले 30 दिवस, म्हणजे 50 युनिट. युनिट दहा रुपये धरा. झाले पाचशे.

गुणाकार बरोबर आहे, पण फ्रीज तसा चालत नाही. आतला कंप्रेसर सतत सुरू नसतो. गार झालं की बंद, गारवा उतरला की पुन्हा सुरू. रात्री झोप येत नसेल तेव्हा कान देऊन ऐका, घर्रघर्र थांबते आणि परत सुरू होते. थांबलेला वेळ बिलात येत नाही. माझ्या ऑफिसच्या खोलीत एवढाच लहान फ्रीज आहे. त्याला प्लगमध्ये लावायचं छोटं मीटर लावून एप्रिलमध्ये सात दिवस मोजलं. 4.7 युनिट झाले. महिन्याला वीस. पन्नास नाही. आणि हे भर उन्हाळ्यात, पत्र्याखालच्या खोलीत. थंडीत याहून कमी होणार.

आता वीस युनिटचे पैसे किती? इथे मात्र काकांचंही थोडं खरं आहे. महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्याने चढतं. 2024-25 च्या दरपत्रकात पहिल्या 100 युनिटला वीज आकार 4.71 रुपये होता, 101 ते 300 ला 10.29. त्यात दोन्हीकडे वहन आकार 1.17 आणि वर 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे पहिल्या टप्प्यात युनिट 6.82 ला पडतं, दुसऱ्यात 13.29 ला. दर बदलत असतात, तुमच्या बिलाच्या कागदावरचे ताजे आकडे घेऊन हाच हिशोब करा. काकांच्या घराचं एकच मीटर, महिन्याला 240 युनिट जातात. म्हणजे भाडेकरूच्या फ्रीजचं प्रत्येक युनिट त्यांना वरच्याच दराने पडणार. वीस युनिटचे 266 रुपये. ज्या ताईंचं स्वतंत्र मीटर आहे आणि वापर शंभरच्या आत, तिला हाच फ्रीज 136 रुपयांत पडतो. यंत्र तेच, वीज तेवढीच, पण खोली भाड्याची म्हणून दुप्पट. याचा दोष काकांना देता येत नाही.

अजून एक गैरसमज जाता जाता. "शंभरच्या वर एक युनिट गेलं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं" असं गावभर बोललं जातं. तसं नाही. 95 चे 115 झाले तर फक्त वरच्या 15 युनिटला वरचा दर.

म्हणून माझं मत सांगतो. 266 मागा, तीनशे मागा, हरकत नाही. पाचशे हा विजेचा दर नाही, भाडेवाढ आहे. भाडं वाढवायचं तर भाडं म्हणून वाढवा, विजेच्या नावाखाली नको. आणि भाडेकरूंनीही फुकटची अपेक्षा धरू नये. बिल मालकाच्या नावावर येतं, थकलं तर त्याचं कनेक्शन तुटतं. सब-मीटर हजाराच्या आत मिळतं, वायरमन अर्ध्या तासात बसवतो. मग कोणाचा कोणावर संशय नको.

आता फ्रीज घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. लहान फ्रीज म्हणजे कमी बिल असं डोळे झाकून धरू नका. स्टारच्या लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा छापलेला असतो, स्टार मोजण्याआधी तो वाचा. पाच स्टारच्या मोठ्या फ्रीजचा आकडा कधी कधी दोन स्टारच्या लहान फ्रीजपेक्षा कमी निघतो. दुसरं, ऑनलाइन मिळणारे ते डब्यासारखे, कंप्रेसर नसलेले "मिनी फ्रीज" इन्सुलिनसाठी घेऊ नका. ते सतत वीज ओढतात, आणि बाहेर 41 अंश असताना आत 2 ते 8 अंशांवर आणू शकत नाहीत. इन्सुलिनच्या साठ्याला तेवढंच तापमान लागतं. साध्या फ्रीजमध्येही बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नका. एकदा गोठलं की ते इन्सुलिन वाया.

काकांना माझ्या मीटरचा फोटो दाखवला. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "तुमचं मीटर, तुमचा फ्रीज, मला काय माहीत?" रास्त बोलले. शेवटी सब-मीटरवर तयार झाले. निम्मे पैसे ते देणार, निम्मे ताई. रविवारी फ्रीज टेम्पोतून आला, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवला, मागे हवा खेळायला. पहिलं रीडिंग काकांनी स्वतःच्या हाताने कॅलेंडरवर लिहिलंय. पुढच्या एक तारखेला ते दुसरं लिहितील. आकडा काहीही आला, माझ्या विरोधात गेला तरी, इथेच टाकतो.

तुमच्या खोलीत फ्रीजचे किती घेतात, ते खाली सांगा. मालकाचं नाव नको, फक्त रक्कम आणि सब-मीटर आहे का तेवढं.