टाइमआउट वाढवला, पुढे काय?

५०४ आला की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला: "अरे, प्रॉक्सीचा टाइमआउट वाढव ना!" एनजिनएक्समध्ये प्रॉक्सी रीड टाइमआउट मुळात ६० सेकंदांचा असतो. तो ३०० केला की एरर गायब आणि मंडळी चहाला मोकळी. मला हे अजिबात पटत नाही.

५०२ परवडला. बहुतेक वेळा मागचं ॲप बंद असतं नाहीतर पोर्ट चुकलेला असतो, आणि एरर लॉगमध्ये 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असं स्वच्छ लिहिलेलं सापडतं. (लॉग उघडायचा कंटाळा हा वेगळाच विषय. असो.) ५०४ जास्त लबाड. प्रॉक्सीने वाट बघणं सोडलं तरी मागचं ॲप बऱ्याचदा काम करतच राहतं. म्हणजे युजरला दिसली एरर, पण फॉर्म झाला सेव्ह! तो बिचारा पुन्हा सबमिट दाबतो आणि नोंदी दोन. पैशांचा मामला असेल तर बघायलाच नको.

टाइमआउट वाढवून क्वेरी काही जोरात पळत नाही. ॲपचा वर्कर अडकलेला तो अडकलेलाच. पाच मिनिटं गोल फिरणारं चक्र कोण बघत बसणार? लोक रिफ्रेश मारतात, आणखी एक वर्कर अडकतो. शेवटी साधं लॉगिनचं पानही रांगेत! फक्त आता लॉगमध्ये ५०४ नाही, त्यामुळे आपल्यालाच उशिरा कळतं.

त्यापेक्षा लॉग फॉरमॅटमध्ये अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम टाका, कुठली यूआरएल रखडते ते बघा. मोठा रिपोर्ट असेल तर क्यूमध्ये ढकला. आणि पैशांच्या प्रत्येक फॉर्मला एक युनिक नंबर द्याच, म्हणजे तो दोनदा आला तरी नोंद एकच होईल.