अठरावा वाढदिवस आणि पोटगी



बँकेत असताना एक व्यापारी खातेदार मुलाच्या अठराव्या वाढदिवशीच आले. घटस्फोटानंतर मुलाच्या पोटगीची रक्कम दरमहा वळती करण्याची स्थायी सूचना त्यांना रद्द करायची होती. मुलगा बारावीत होता.

कायद्याचा हिशेब त्यांच्या बाजूचा होता. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आजही तोच आहे : शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे किंवा इजेमुळे जो स्वतःचा निर्वाह करू शकत नाही, अशाच सज्ञान मुलाला पोटगी मिळते. मुलीचे वेगळे. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम जैनांनाही लागू आहे. त्याच्या कलम २० प्रमाणे निर्वाहाचे साधन नसलेल्या अविवाहित मुलीचा भार विवाहापर्यंत राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केले. पत्नी व मुलाची रक्कम आदेशात एकत्र असेल, तर परस्पर कपात न करता न्यायालयाकडून बदल करून घ्यावा.

मी अर्ज पुढे ठेवला आणि एवढेच विचारले, “शेठजी, उद्या पेढीवर तो कोणत्या शिक्षणावर बसणार?”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग रद्द करण्याऐवजी त्यांनी नवी सूचना लिहिली : तीच रक्कम, थेट मुलाच्या खात्यात, पदवी होईपर्यंत.