विमाने उडवा, पण तहानलेल्यांच्या पाण्यावर नव्हे!

१९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या प्रवासी विमानात पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीजने देशी कच्च्या मालापासून बनवलेले जैवइंधन मिसळलेले होते. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट! आता आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात २०२७ साली १, २०२८ साली २ आणि २०३० साली ५ टक्के जैवइंधन मिसळण्याचे उद्दिष्ट केंद्राने ठरवले आहे. उद्दिष्ट रास्तच; पण ते कोणाच्या पाण्यावर गाठणार?

इथेनॉलमधून पाणी काढून इथिलीन करायचे, त्याचे रेणू जोडून लांब साखळ्या बनवायच्या, हायड्रोजनची प्रक्रिया करायची, की विमानाचे इंधन तयार. इथेनॉल कशाचे, याच्याशी यंत्राला देणेघेणे नाही. सरकारला असलेच पाहिजे! उसाचा रस हा सर्वांत सोपा मार्ग आणि महाराष्ट्रासाठी सर्वांत घातकही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच मराठवाड्यात विमानांसाठी आणखी ऊस लावायचा? हा विकास नव्हे, दरोडा आहे!

आणि गरज तरी काय? कापूस वेचून झाला की विदर्भातला शेतकरी पऱ्हाटी उपटतो, चुलीपुरती ठेवतो आणि उरलेली धुऱ्यावर पेटवून देतो. ऊस तुटला की पाचटाला काडी लागते. पानिपतच्या सरकारी प्रकल्पाची आखणीच वर्षाला सुमारे २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल काढण्याची आहे. तिथे पेंढा चालतो, तर इथे पऱ्हाटी का नको? काडीकचऱ्यातून इथेनॉल काढणे महाग पडते, हे खरे. म्हणून काय विहिरी उपसायच्या?

शेतकऱ्याला मात्र पुन्हा फसवू नका. दोन दशकांपूर्वी मोगली एरंडाचा असाच डंका पिटला होता. पडीक रानातून डिझेल वाहणार होते; पुरेसे बी आले नाही आणि लावणारे तोंडघशी पडले.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. दुष्काळी तालुक्यांतल्या उसाचा थेंबही विमानाच्या इंधनात जाणार नाही, असा कायदा करा. पऱ्हाटी, तुराट्या, पाचट यांचा टनामागचा भाव पेरणीआधी जाहीर करा. तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यात धरा. जमिनीचा कस राखण्यापुरते अवशेष शेतातच राहू द्या. यातून इंधन महागले, तर ती वाढ तिकीट काढणाऱ्याने सोसावी. ज्याने विमान फक्त खालून पाहिले, त्याच्या घागरीतून ती वसूल करण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही!