केसपेपर कोणाचा?



सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यातली ओपीडी ही बहुसंख्य कष्टकरी बायांची आणि आरोग्यव्यवस्थेची गाठ पडण्याची पहिली, आणि पुष्कळदा एकमेव जागा. दुखणे अंगावर काढायचे, अगदीच असह्य झाले की एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून रांगेत उभे राहायचे. केसपेपरची एक रांग, डॉक्टरांची दुसरी, तपासणीची तिसरी, औषधांची चौथी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे पैसे लागत नाहीत. हे चांगलेच झाले. पण त्या कागदावर काय लिहिले जाते, तो कोणाकडे राहतो आणि मागितल्यावर मिळतो का, हे प्रश्न तसेच आहेत.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी डॉक्टरांवर नोंदी तीन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन घातले, पण ते भरती झालेल्या रुग्णांपुरते. ओपीडीतल्या बाईचा त्यात उल्लेख नाही. तिच्या तपासणीचा पुरावा म्हणजे बहुतेक ठिकाणी तिच्या पिशवीतला चुरगळलेला कागद. तो पावसात भिजला, घर बदलताना हरवला किंवा रागाच्या भरात नवऱ्याने फाडला, की तिच्या दुखण्याचा इतिहासच पुसला जातो. पुढच्या वेळी नवे डॉक्टर, पुन्हा त्याच तपासण्या, पुन्हा खाडा.

हा नुसता गैरसोयीचा मामला नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न गाजला, शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. शस्त्रक्रिया खरोखर गरजेची होती का, हे ठरवायचे तर आधीच्या ओपीडीतल्या नोंदी हव्यात, सोनोग्राफीचा रिपोर्ट हवा, काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा अहवाल हवा. तोडणीसाठी गावोगाव फिरणाऱ्या बाईने हे सारे कुठे जपून ठेवायचे? कागद नाही, म्हणून जाब विचारता येत नाही. आणि जाब विचारणारे कोणी नाही, म्हणून कागद देण्याची गरज वाटत नाही.

मारहाणीच्या बाबतीत तर कागदच साक्षीदार असतो. बाई ओपीडीत येते तेव्हा बरोबर बहुधा नवरा किंवा सासू असते. ती सांगते, ‘मोरीत पाय घसरला.’ डॉक्टर तेच लिहितात. दोन वर्षांनी ती धीर करून कोर्टात जाते, तेव्हा हाच कागद तिच्या विरोधात उभा राहतो. बाईला बाजूला घेऊन चार शब्द विचारले तर खरे कारण कळू शकते. २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केले, ते याच जाणिवेतून. हिंसेचा प्रश्न हा दवाखान्याचाही प्रश्न आहे, हे तिथे प्रत्यक्ष कामातून मांडले गेले.

कायदा आपल्या बाजूने किती आहे, हेही पाहू. रुग्णाला किंवा नातेवाइकांना केसपेपरच्या प्रती नाकारताना रुग्णालयाला गुप्ततेची सबब सांगता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच बजावले. २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यायला हवीत. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांत वैद्यकीय अहवालाची प्रत पीडित बाईला विनामूल्य द्यावी असे म्हटले आहे. लैंगिक अत्याचारानंतरच्या तपासणीबाबत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. आणि तरीही खिडकीवर उत्तर मिळते, ‘पोलिसांचे पत्र आणा’, ‘साहेब नाहीत’, ‘कशाला हवेत कागद? केस करायची आहे का?’ तिला कागद का हवेत, हे विचारण्याचा अधिकार खिडकीला कोणी दिला?

या हक्काची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. कागद बाईचा, म्हणजे तो नवऱ्याचा नाही, सासूचा नाही, मुकादमाचाही नाही. सज्ञान बाईच्या गर्भपाताला कायद्याने फक्त तिचीच संमती लागते, आणि तिचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात ओपीडीच्या दारातून नाव आणि आजार एकाच दमात पुकारला जातो.

आता कागदाची जागा संगणक घेत आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. आभा क्रमांकाने नोंदी एकत्र राहतील, हरवणार नाहीत, हा फायदा खरा आहे. पण नोंदी पाहायला मोबाइल लागतो, ओटीपी लागतो. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो नवऱ्याच्या खिशात आहे, तिथे बाईच्या नोंदींची किल्ली कोणाच्या हातात गेली? कागद निदान डब्यात लपवता येत होता.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. ओपीडीच्या नोंदी ठराविक काळ जपण्याचे बंधन रुग्णालयांवर घाला. प्रती मिळण्याची पद्धत आणि मुदत मराठीत, मोठ्या अक्षरांत, केसपेपरच्या खिडकीवर लावा. तपासणीच्या वेळी बाईला एकटीला बोलता येईल असा आडोसा द्या. मोबाइल नसलेल्या बाईला कागदी प्रत मागितल्याबरोबर द्या.

आणि या मागण्या मान्य होईपर्यंत आपण गप्प बसायचे कारण नाही. प्रत्येक गटाने आपल्या भागातले एक रुग्णालय निवडावे. कागद मागायला बाईबरोबर दोघीजणींनी जावे, तोंडी न मागता लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. ७२ तास त्या तारखेपासून मोजायचे. नकार मिळाला तर तोही लेखी मागावा. सरकारी रुग्णालय असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. कोणत्या रुग्णालयात काय अनुभव आला ते आम्हाला जरूर कळवा. एकटीचा अर्ज टेबलावर पडून राहतो. पन्नासजणींचे अर्ज घेऊन आपण अधिष्ठात्यांच्या दालनात गेलो, तर त्यांना उत्तर द्यावे लागेल.