बॅटरीवाला बेस

गेल्या शनिवारी पुन्हा तोच वाद. जॅमिंग संपलं, चहा आला, आणि आमच्या गिटारवाल्याने माझ्या बेस गिटारच्या पाठीवरचं बॅटरीचं झाकण बघून ठेवणीतलं वाक्य टाकलं, "अरे, वाद्य आहे की टीव्हीचा रिमोट? बॅटरी कसली घालतोस त्यात?" सगळे हसले. मीही हसलो. पण मनात म्हटलं, आता बास. (श्लेष हेतुपुरस्सर नाही.) एकदा सगळं लिहून काढू आणि पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवू.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेसचा पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वर स्ट्रिंग थरथरली की त्यात अगदी क्षीण सिग्नल तयार होतो. पॅसिव्ह बेसमध्ये तो तसाच केबलमधून बाहेर पडतो. त्यावर टोनचा एक नॉब असतो, पण तो ट्रेबल फक्त कापू शकतो, वाढवू शकत नाही. ॲक्टिव्ह बेसमध्ये पोटातच एक छोटं सर्किट असतं, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं. तोच प्रीॲम्प. तो सिग्नल दमदार करतो, आणि बेस, ट्रेबल, कधी कधी मिड हे सगळं वाजवणाऱ्याच्या बोटाशी आणून ठेवतो.

यावर शुद्धतावाद्यांचं म्हणणं असं, की लाकूड, तारा आणि बोटं यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनिक्स आलं की आवाज बाटतो. मग जेम्स जेमरसनचं नाव घेतलं जातं. मोटाऊनच्या त्या सगळ्या गाण्यांत पॅसिव्ह प्रिसिजन बेस, जाड फ्लॅटवाउंड तारा, आणि काय तो आवाज! मान्य, शंभर टक्के मान्य. पण महाराज, तो बेस डेट्रॉइटच्या स्टुडिओत थेट रेकॉर्डिंग कन्सोलला जोडलेला असायचा. कन्सोलमध्ये काय असतं? प्रीॲम्प! आणि त्याच्यापुढे ज्याचे कान तयार आहेत असा इंजिनियर. म्हणजे प्रीॲम्प जेमरसनच्याही आवाजात होताच, फक्त गिटारच्या पोटात नव्हता. इलेक्ट्रिक बेसला प्रीॲम्पशिवाय आवाज असतो ही कल्पनाच खोटी आहे. कुठेतरी कुणीतरी तो सिग्नल वाढवतंच. प्रश्न एवढाच, की तो नॉब कुणाच्या हातात असावा?

हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. काही वर्षांपूर्वी मीही या शुद्धतेच्या नादी लागलो होतो. चांगला चालणारा प्रीॲम्प एका रविवारी स्वतःच्या हाताने काढला, व्हॉल्यूम-टोनचं साधं वायरिंग केलं. घरी, माझ्या छोट्या ॲम्पवर, तीन मीटरच्या केबलने, खरंच सुंदर वाजला. मऊ, लाकडी आवाज. मी सगळ्यांना फोन करकरून सांगितलं.

मग एका मंगल कार्यालयाच्या लॉनवर कार्यक्रम झाला. आमच्या ड्रमरचा आमच्याबरोबरचा शेवटचा, कारण पुढच्या आठवड्यात तो जर्मनीला कायमचा निघाला होता. साऊंडवाल्याकडे बेससाठी ॲम्प नव्हता, डीआय बॉक्सही नव्हता. "सर, डायरेक्ट मिक्सरला द्या ना, काही होत नाही." दहा मीटरची केबल आणि मिक्सरचा लाइन इनपुट.

आता यात काय होतं ते बघा, कारण सगळा मुद्दा इथेच आहे. पॅसिव्ह पिकअपचा इम्पीडन्स जास्त. त्याला पुढे साधारण दहा लाख ओहमचा इनपुट लागतो, म्हणजे त्याच्यावर भार पडत नाही. मिक्सरच्या लाइन इनपुटला बहुधा दहा हजारच असतात. सोसायटीच्या टाकीतून बारीक धार येतेय आणि तुम्ही खाली सगळे नळ सोडलेत, तसा प्रकार. शिवाय केबल स्वतःच एक कपॅसिटर असते, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. लांबी वाढली की वरच्या फ्रिक्वेन्सी आणखी गळतात. राहतं काय, तर नुसती गुरगुर. बेसच्या जाड ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा. उघड्या लॉनवर, ढोलासारख्या स्पीकरमधून तो स्वर म्हणून ओळखूच येत नाही. कान सूर पकडतो तो वरच्या हार्मोनिक्सवरून, आणि तेच गळालेले. मी इशारे करतोय, साऊंडवाला अंगठा दाखवतोय, "सर, बाहेर मस्त येतोय!" आणि बेस म्हणजे बेस, या न्यायाने लो आणखी वाढवतोय.

तिसऱ्या गाण्यात ड्रमर आणि मी अख्खी एक मात्रा मागेपुढे झालो. त्याला माझा एकही स्वर स्पष्ट ऐकू येत नव्हता. त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. सहा वर्षं एकत्र वाजवलं त्याचं एवढंच एक धड रेकॉर्डिंग, आणि त्यात शेजारच्या प्लॉटवर बोअरवेल मारताहेत असं वाटतं. तो बोअरवेल म्हणजे मी.

प्रीॲम्प आत असता तर? सिग्नल कमी इम्पीडन्सचा होऊन बाहेर पडला असता. दहा मीटर केबल आणि तो भिकार इनपुट त्याने सहज पचवला असता. मी लो थोडा कमी केला असता, मिड वाढवला असता, गाणं न थांबवता.

कुणी म्हणेल, ॲम्पवर इक्यू असतोच की. असतो ना, स्वतःचा ॲम्प टेम्पोत घालून नेणाऱ्यांसाठी. आपण स्कूटरवर पाठीला गिग बॅग लावून जाणारे लोक. तिथे जे असेल त्यात वाजवायचं. पायाशी प्रीॲम्प पेडल ठेवणं हा बरा तोडगा आहे, नाही म्हणत नाही. पण गाता गाता खाली वाकून नॉब फिरवून दाखवा.

आणि गंमत बघा. शुद्धतावादी ज्याच्या नावाने शपथा घेतात तो लिओ फेंडर. १९५१ चा प्रिसिजन बेस त्याचा, १९६० चा जॅझ बेस त्याचा. त्याच माणसाने १९६५ मध्ये कंपनी विकल्यावर पुढे म्युझिक मॅनमधून काय आणलं? १९७६ चा स्टिंगरे, आत प्रीॲम्प आणि बॅटरीसकट! शिकचा बर्नार्ड एडवर्ड्स तो वाजवायचा. मार्कस मिलरचा १९७७ चा जॅझ बेस मुळात पॅसिव्ह, न्यूयॉर्कच्या रॉजर सॅडोस्कीने त्यात प्रीॲम्प बसवला, आणि आज जगभर ज्याची नक्कल होते तो आवाज त्या बेसचा आहे. बाटला म्हणायचा का तो?

दोष आहेत, लपवत नाही. स्वस्त प्रीॲम्पवर ट्रेबल चढवला की सूं सूं ऐकू येतं. सगळे नॉब टोकाला नेऊन वाजवणारे महाभाग आहेत, आणि ॲक्टिव्हची बदनामी निम्मी त्यांच्यामुळेच झाली आहे. मी तर नॉब वाढवण्यापेक्षा कमी करायलाच जास्त वापरतो. आणि हो, बॅटरी संपते. पण बरेचसे प्रीॲम्प एखादा मिलीॲम्पिअर खातात, आणि अल्कलाइन बॅटरीत साधारण पाचशे मिलीॲम्पिअर-तास असतात. आठवड्याला चार तास वाजवणाऱ्याला दोन वर्षं पुरेल, फक्त वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवायची. जॅक आत असला की सर्किट चालूच राहतं. नवीन घेणार असाल तर पॅसिव्हवर जायचा स्विच असलेला बघा, म्हणजे ऐन स्टेजवर बॅटरी गेली तरी गाणं थांबत नाही.

मी प्रीॲम्प परत बसवला, त्याच आठवड्यात. केबल काढायला मात्र मीही विसरतो. मागच्या महिन्यात विसरलो आणि जॅमिंगच्या मध्येच आवाज फाटायला लागला. मग आमच्या शुद्धतावादी गिटारवाल्याच्या पायाशी ओळीने पाच पेडल्स आहेत, त्यातलं एक उघडलं, आतली ९ व्होल्टची बॅटरी काढली आणि माझ्या बेसमध्ये घातली. तो म्हणाला, "अरे, ती माझी आहे!"